पाळण्यातून अंथरुणावर
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आम्ही राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा इथल्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आजचा विषय गटात सांगितला तेव्हा आमच्यातल्याच दोघी-तिघी हसल्या. लेकराला पाळण्यातून काढून अंथरुणावर झोपवायचं, यात रेडिओवर बोलण्यासारखं काय आहे? मोठं झालं की येतंच की बाहेर!

येतं, हे खरं. पण कसं येतं ते जरा आठवून बघा. पाळण्यात घालायला आपल्याकडे केवढा थाट असतो. बाराव्या दिवशी बारसं, घुगऱ्या, आत्याबाईंचा मान, पाळण्याला फुगे, गावातल्या बायांना बोलावणं. बाहेर काढायला मात्र कुठलाच दिवस नाही, मुहूर्त नाही, कुणी विचारतही नाही. मग तो दिवस कोण ठरवतं? एकतर लेकरूच ठरवतं, धपकन खाली पडून. नाहीतर धाकटं जन्माला येतं आणि थोरल्याला आदल्या रात्रीपर्यंतची त्याची जागा एकदम सोडावी लागते. तिसरी तऱ्हा म्हणजे झोळीच फाटते. या तिन्ही तऱ्हा आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. तेव्हा हा दिवस आईनं, आजीनं, घरानं मिळून आधीच ठरवावा, आणि त्याआधी घर तयार करावं, एवढ्यासाठी आजचं बोलणं आहे.

आधी पाळण्याचं बोलू. परदेशात लेकरांना कठड्याचा पलंग असतो. तो जमिनीवर चार पायांवर घट्ट उभा असतो, हलत नाही, कठडे उंच असतात. तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की लेकरू कठड्यावर चढायला लागलं किंवा त्याची उंची ३५ इंच, म्हणजे ८९ सेंटीमीटरच्या आसपास झाली, की त्याला त्यातून काढा. म्हणजे तिथलं लेकरू दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत त्यात झोपू शकतं. आता शहरातल्या बायांचं वाचून किंवा मोबाईलवर बघून आपल्यालाही वाटतं, दोन वर्षांपर्यंत काही घाई नाही. पण आपला पाळणा टांगलेला असतो. त्याचे काठ बुटके असतात. लेकरू एका बाजूला धरून उभं राहिलं की सगळा भार त्या बाजूला जातो आणि पाळणा कलंडतो. म्हणून परदेशातली दोन वर्षं आपल्या टांगत्या पाळण्याला लावायची नाहीत. लेकरू पालथं पडून हातांवर उठायला लागलं, कशाला तरी धरून बसायला लागलं, की टांगत्या पाळण्यात त्याला एकटं सोडून कामाला जाण्याचे दिवस संपले. काही लेकरं सहाव्या महिन्यातच तिथवर येतात, काही आठव्या-नवव्या महिन्यात. महिने मोजत बसण्यापेक्षा लेकराकडे बघावं.

साडीच्या झोळीचं तर याहून जपून. झोळी आपल्या सगळ्यांच्या घरात असते, आणि तिला नावं ठेवायची नाहीत. झोळीत लेकरू पोटातल्यासारखं गुंडाळून झोपतं, एका हातानं दोरी ओढत दुसऱ्या हातानं भाकरी थापता येते, आणि खर्च शून्य. पण झोळी म्हणजे दोन बाजूंनी वर गेलेलं कापड. त्यात उठून बसलेलं लेकरू पुढं वाकलं की डोक्यावरच पडतं. आणि झोळीचा खरा धोका तान्ह्याला कमी आणि त्याच्या थोरल्या भावंडांना जास्त. पाच-सात वर्षांची पोरं रिकाम्या झोळीत बसून गरगर गिरक्या घेतात, कापडाला पीळ पडतो आणि तो गळ्याभोवती आवळतो. अशा बातम्या आपल्या राज्यातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात, आणि दर वेळी त्यात एकच गोष्ट असते: मोठी माणसं घरात नव्हती, किंवा घराच्या मागच्या बाजूला कामात होती.

आपल्या आज्या म्हणतात, रिकामा पाळणा हलवू नये. सुना हसतात. आम्ही गटात ठरवलं की हसायचं नाही. कारण काहीही सांगोत, नियम कामाचा आहे. आम्ही त्याला अर्धी ओळ जोडली: रिकामा पाळणा हलवू नये आणि रिकामी झोळी खाली लोंबू देऊ नये. लेकरू उठलं की झोळीचं कापड गोळा करून वर आढ्याजवळ गाठ मारायची, किंवा सरळ सोडून घडी घालायची. सासूबाईंना हे पटवायला एक मिनिट लागत नाही, कारण अर्धा नियम त्यांचाच आहे.

आता पाळण्यातून काढून लेकराला ठेवायचं कुठं? आपल्या घरात चार जागा असतात. खाली जमिनीवर अंथरूण, बाज, दिवाण किंवा लोखंडी कॉट, आणि आईच्या कुशीत. बहुतेक घरांत यातल्या दोन-तीन मिसळून चालतात.

आमचं मत विचाराल तर पहिली पसंती जमिनीवरच्या अंथरुणाला. कुणी म्हणेल, ही तर गरिबीची सोय झाली. अजिबात नाही. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी, ज्यांच्या नावानं आज शहरात बालवाड्या चालतात, त्यांनी हेच सांगितलं होतं. लेकराला उंच कठड्यांच्या पलंगात कोंडू नका, त्याला जमिनीलगत बुटकं अंथरूण द्या, झोप आली की त्यानं आपणहून तिथं जावं, जाग आली की आपणहून उठावं. या बाई १९३९ साली भारतात आल्या आणि पुढची काही वर्षं इथेच राहिल्या. त्यांच्या विचारांवर आपल्या ताराबाई मोडकांनी काम केलं. १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी गरीब आदिवासी मुलांसाठी अंगणात शाळा भरवली. आपल्या गावोगावच्या अंगणवाडीचं नाव तिथूनच पुढे आलं. सरकारची बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तीही अंगणवाडी याच नावानं. अंगणवाडीत लेकरं सतरंजीवर झोपतात ना? तेव्हा घरी गोधडीवर झोपवताना मनात कमीपणा आणू नका.

जमिनीवरून लेकरू पडत नाही, हा तिचा मोठा गुण. दोष मात्र वेगळे आहेत आणि ते आपल्या भागात जास्त आहेत. आपला सगळा पट्टा कालव्याचा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, पाणी आलं, ऊस आला. घराच्या भिंतीपासून दहा पावलांवर ऊस, उसात उंदीर, उंदरामागे साप. त्यात मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही दिसत नाही. झोपलेलं माणूस जागंही होत नाही. मग पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, गिळता येत नाही. मोठा माणूस निदान सांगू तरी शकतो. दीड वर्षाचं लेकरू फक्त रडतं, आणि आपण म्हणतो पोट बिघडलं असेल, ओवा-हिंग लावू.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. जमिनीवर झोपलेलं लेकरू रात्री किंवा पहाटे एकाएकी पोट धरून रडलं, आणि त्याच्या पापण्या खाली यायला लागल्या, तर खूण शोधत बसायचं नाही. तिथून सरळ सरकारी दवाखाना. १०८ ला फोन लावा, गाडी यायला वेळ लागेल असं वाटलं तर शेजाऱ्याची गाडी काढा. दोरीनं आवळून बांधणं नाही, ब्लेडनं कापणं नाही, तोंडानं ओढणं नाही, आणि मंत्र घालणाऱ्याकडे तर वाट वाकडी करून जायचंच नाही. सापाच्या विषावरचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, ते जितकं लवकर तितकं बरं.

विंचवाचंही तसंच. तांबड्या विंचवानं एकेकाळी महाराष्ट्रातली कितीतरी लेकरं नेली. महाडला डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी वेळेवर दिली तर विंचू चावलेलं लेकरू वाचतं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण गोळी डॉक्टरनं द्यायची, आणि आपण तिथवर वेळेत पोचायचं. विंचू चावल्यावर लेकराला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर थांबू नका.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. यावरचा उपाय फार स्वस्त आहे, तो म्हणजे मच्छरदाणी. पण नुसती वरून सोडलेली नाही. चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. खोचलेल्या मच्छरदाणीत साप शिरत नाही, विंचू शिरत नाही, आणि डास तर नाहीच. दुपारच्या झोपेलाही ती लावा, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. लहान लेकरासाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी बाजारात मिळते, ती तान्ह्यापुरती ठीक. पण रांगणारं लेकरू ती उचलून बाहेर येतं, म्हणून त्याला मोठी, खोचायचीच घ्यावी. आमच्या गटात एकीनं जुन्या दोन मच्छरदाण्या जोडून, खाली जाड साडीचा हातभर पट्टा शिवून तशी तयार केली. पट्ट्याच्या वजनानं ती नीट खोचलेली राहते. टेलरला दिली असती तरी फार पैसे झाले नसते.

अंथरूण रोज उचलून झटकायचं. पावसाळ्यात जमीन ओलसर होते, तेव्हा चटईखाली प्लॅस्टिक घालायचं किंवा लाकडाच्या फळ्यांचा वीतभर उंचीचा पाट सुताराकडून करून घ्यायचा. जुन्या मोडक्या कॉटचे पाय कापूनही असा बुटका पलंग होतो. वीतभर उंचीवरून लेकरू पडलं तरी फारसं लागत नाही आणि ओलही येत नाही. लेकरू मुतणार हे धरून चालायचं. पाळण्यात ते कापडातून खाली गळायचं, आता गोधडीत मुरणार. रबरी शीट आणि वर सुती पंचा, असे दोन जोड ठेवले की रात्री चिडचिड होत नाही.

आता बाज. मोकळ्या हवेची, उन्हाळ्यात बरी. पण ढिली झालेली बाज मध्ये खोल जाते, आणि त्या खोलगट जागेत लहान लेकरू तोंडावर पडलं तर त्याला मान वळवता येत नाही. सुंभ किंवा पट्टी ताणून घ्या. पट्टी आणि चौकटीच्या मध्ये जी फट असते तिच्यात पाय अडकतो, डोकंही अडकू शकतं. वर जाड गोधडी नीट बसवून घ्या. वर्षाच्या आतल्या लेकराला बाजेवर एकटं ठेवूच नये.

दिवाण भिंतीला लावलेला असतो आणि आपल्याला वाटतं की भिंतीच्या बाजूनं लेकरू सुरक्षित आहे. उलट आहे. गादी आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं फट असली तर लेकरू झोपेत तिथं सरकतं आणि अडकतं. एकतर दिवाण भिंतीला अगदी चिकटवा, नाहीतर चांगला लांब ओढा. फटीत उश्या कोंबू नका, त्यात लहान लेकराचं तोंड दबतं. दुसऱ्या बाजूला, जिथून पडायची शक्यता आहे, तिथं खाली जाड गोधडी घालून ठेवा. लेकरू पडलंच, आणि नंतर सारखं ओकलं, किंवा उठवूनही उठेना, किंवा झटका आला, तर डॉक्टरकडे न्यायचं. नुसतं रडून पाच मिनिटांत खेळायला लागलं तर जवळ घ्या, लक्ष ठेवा, एवढंच.

कूलर असेल तर लेकराचं अंथरूण त्याच्यापासून लांब. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि उघडी वायर असा मेळ उन्हाळ्यात जीव घेतो. पलंगावरून हात पोचेल असा बटणाचा बोर्ड असेल तर पलंग हलवा.

आणि आईच्या कुशीत? आपल्याकडे लेकरू कुशीतच झोपतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, दूध पाजायलाही ते सोपं. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात. वर्ष पुरं व्हायच्या आत लेकराच्या डोक्याखाली उशी नको, तोंडावर येईल अशी जाड गोधडी नको. आणि घरातलं कुणी दारू पिऊन झोपत असेल, तर त्याच्या अंथरुणात लेकरू नको. त्याला राग आला तरी नको. नशेतल्या माणसाला आपल्या अंगाखाली काय आहे ते कळत नाही. हे सुनेनं एकटीनं म्हणायचं धाडस होत नाही, तेव्हा सासूनं म्हणावं. सासू बोलली तर लेक गपगुमान दुसरीकडे अंथरूण टाकतो, हे आमच्या गटातल्या सासवांनीच सांगितलंय.

आता या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. पाळण्यात जाग आलेलं लेकरू रडतं. रडून आईला बोलावतं. अंथरुणावर जाग आलेलं लेकरू उठतं आणि चालायला लागतं. न रडता. आईला गाढ झोप लागलेली, दिवसभर निंदणी झालेली. आणि ते अंधारात, अर्धवट झोपेत, घरभर फिरतं. म्हणजे पाळणा सुटला त्या दिवसापासून सगळं घर त्याचा पाळणा होतं. पाळण्याची दोरी, कडी, गाठ तपासायचो, तसं आता घर तपासायचं.

आम्ही एका दुपारी गटातल्या चौघींच्या घरी असं फिरून पाहिलं. खाली बसून, लेकराच्या डोळ्यांच्या उंचीवरून. पलंगाखाली काय निघालं असेल सांगा. फवारणीचं औषध. एका घरी तर पाण्याच्या जुन्या बाटलीत काढून ठेवलेलं. दिवसा पाळण्यात आणि रात्री कुशीत होतं तोवर लेकराचा हात तिथं पोचत नव्हता. आता त्याचं अंथरूण त्या बाटलीपासून हातभर अंतरावर आलं. शेतीची औषधं, उंदराचं औषध, रॉकेल, फिनेल हे सगळं घराबाहेर, कुलपात, आणि ज्या डब्यात आलं त्याच डब्यात. मालकांना सांगा की हे बायकांचं भांडण नाही. त्यांनीच उचलून नेलं पाहिजे, कारण बहुतेक घरांत ठेवलेलं त्यांनीच असतं.

दुसरं म्हणजे पाणी. बादलीत वीतभर पाणी असलं तरी लेकरू डोक्यावर आत पडलं की त्याला बाहेर येता येत नाही. दोन-तीन दिवसांनी नळ येतो म्हणून आपण सगळी भांडी भरून ठेवतो. ती झाकून ठेवा, मोरीला दार असेल तर बाहेरून कडी घाला. हौदाला झाकण हवं. वस्तीवर राहणाऱ्यांना विहीर आणि शेततळं. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद असा निसरडा असतो की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. त्याला कुंपण घाला, आणि काठाला गाठी मारलेला दोर बांधून आत सोडून ठेवा.

तिसरं दार. रात्री दाराची कडी वरची लावा, लेकराचा हात पोचणार नाही अशी. खालची कडी दीड-दोन वर्षांचं लेकरू सहज काढतं, आपल्याला वाटतं त्याच्या आधीच. वस्तीवर कडीला एक घुंगरू बांधा किंवा रिकामा डबा अडकवा. दार हललं की आवाज होतो.

आणि बिबट्या. आपल्या राहुरी-श्रीरामपूर-संगमनेर भागात आता याबद्दल कुणाला समजावून सांगायची गरज नाही. उसात तो राहतो, ऊस तुटायला लागला की इकडेतिकडे फिरतो. पूर्वी उन्हाळ्यात सगळे अंगणात बाज टाकून झोपायचो. आता लहान लेकरू उघड्या अंगणात झोपवू नका, पडवीतही नको जर तिला जाळी नसेल. कितीही उकडलं तरी. पहाटे बाईमाणूस बाहेर जातं तेव्हा मागं दार ओढून, कडी लावून जावं, नाहीतर लेकरू आईमागं निघतं.

एक सूचना यातच. लेकराला झोपवताना "गप पड, नाहीतर बिबट्या येईल" असं म्हणू नका. पूर्वी बागुलबुवा होता, तो खोटा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. बिबट्या खरा आहे, लेकरानं मोठ्यांचं बोलणं ऐकलेलं आहे. नवीन अंथरुणावर आधीच त्याला जरा भीती वाटते, त्यात ही भर घातली तर ते रात्रभर चिकटून राहील आणि तुमचीच झोप जाईल.

कसं करायचं ते आता थोडक्यात. आधी दुपारची झोप अंथरुणावर, रात्रीची पाळण्यात. चार-सहा दिवस असं चालू द्या. पाळण्याचे झोके हळूहळू कमी करा, म्हणजे लेकरू पूर्ण झोपायच्या आत झोका थांबलेला असेल. झोक्याची सवय सुटणं हेच खरं अवघड असतं, जागा बदलणं नव्हे. पाळण्यातली तीच गोधडी, तोच आईचा सूर, तेच पाठीवर थापटणं अंथरुणावर न्या. एका आजीनं तर अंथरुणाशेजारी बसून लेकराला मांडीवर घेऊन आधी डोलवलं, मग नुसतं थापटलं, मग नुसता हात ठेवला. आठवड्यात काम झालं. दुसऱ्या एकीला महिना लागला. दोन्ही ठीक.

लेकरू उठून येईल. दहा वेळा येईल. दहा वेळा काही न बोलता नेऊन परत निजवायचं. हसायचं नाही, ओरडायचं नाही, मोबाईल तर लावून द्यायचाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की एक ते दोन वर्षांच्या लेकराला दिवस-रात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. दुपारची झोप त्यातच धरलेली आहे. दुपारी पाच वाजेपर्यंत झोपलेलं लेकरू रात्री आठला झोपत नाही, त्याला पाळण्याचा दोष नाही.

वेळ निवडताना एवढं बघा की एका वेळी एकच बदल. अंगावरचं तोडायचं असेल, ताप येऊन गेला असेल, माहेरी जायचं असेल, अंगणवाडीत नुकतं घातलं असेल, तर थांबा. आणि घरात दुसरं बाळ येणार असेल तर थोरल्याला निदान दोन-तीन महिने आधी पाळण्यातून काढा. म्हणजे धाकट्यानं आपली जागा घेतली असं त्याला वाटत नाही, त्याच्या लेखी पाळणा कधीच मागं पडलेला असतो. हे जमलं नाही आणि बाळंतपण येऊन ठेपलं, तर मग थोरल्याला घाईनं ढकलू नका. बाळाला काही दिवस टोपलीत किंवा आईजवळ झोपवता येतं.

हा कार्यक्रम ऊसतोडीला आलेल्या आपल्या बहिणीही ऐकतात. बीडहून, पाथर्डी-शेवगावकडून येऊन कारखान्याच्या परिसरात खोपी करून राहतात. त्यांच्या लेकरांना पाळणा, अंथरूण, दार यातलं काहीच नसतं. तुम्हाला वरचं सगळं लागू करा म्हणणं बरोबर नाही. एवढंच सांगतो की फडात चालतं लेकरू पाचटावर किंवा ट्रॅक्टरच्या, गाडीच्या सावलीत झोपवू नका. ट्रॅक्टर मागं घेणाऱ्याला पाचटातलं लेकरू दिसत नाही. फडाबाहेर, वाटेपासून दूर, एका थोरल्या माणसाच्या नजरेखाली चार-पाच लेकरं एकत्र झोपवा. आणि गावातल्या बायांनो, खोपीपर्यंत एक मच्छरदाणी नेऊन देणं आपल्या गटाला जड नाही. आम्ही यंदा देणार आहोत.

शेवटी पाळण्याचं काय करायचं. लाकडी पाळणा आपल्याकडे विकत नाहीत, तो भावकीत फिरतो. पुढच्या घरी देण्याआधी उन्हात ठेवा, खिळे वर आलेत का ते हात फिरवून बघा, दोर नवा घाला. कड्या आणि आकडे झिजलेले असतील तर लोहाराकडून बदलून घ्या, आणि ज्या घरी जाईल तिथल्या हुकाला आधी मोठ्या माणसानं लोंबकळून बघावं. पाळणा देताना त्या घरच्या बाईला विचारा, हुकाखाली काय आहे. फरशी असेल तर खाली गोधडी टाकायला सांगा. झोळीची साडी मात्र पुन्हा झोळीला वापरू नये, धुऊन तिची गोधडी शिवावी, तीच लेकराच्या अंथरुणावर घालावी. वास ओळखीचा असला की ते लवकर झोपतं.

तुमच्या घरी हे कसं झालं ते आम्हाला रेडिओ केंद्रावर कळवा.